फाटकावरची गरीब बाई

सोळाव्या शतकातल्या इंग्रजांवर माझा राग आहे असं मी वर्गात म्हटलं की मुलं हसतात. त्यांना वाटतं, मॅडमनी तास जरा हलका करायला काहीतरी सोडून दिलं. मीही हसते आणि पुढे शिकवते: त्या लोकांची घरं, जेवणं, कपडे, कोण कुणापुढे किती वाकायचं. शिकवते चांगलं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण राग खरा आहे, आणि तो एकट्या इंग्रजांवर नाही. ज्या माणसानं मला ते इंग्रज शिकवले त्याच्यावर तो जास्त आहे.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. जयपूरला सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतल्या एका खाजगी कॉलेजात मी इंग्रजीत एम.ए. करत होते. वडील रेल्वेत फिटर, अकोल्याकडून बदली होऊन आलेले. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो, बाजारहाट झोटवाड्यात करायचो, आणि मी रोज बस बदलून अशा मुलींच्या वर्गात जाऊन बसत असे ज्यांना सोडायला घरच्या गाड्या यायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं. वाचन माझं जास्त होतं. हे त्यांनाही आणि मलाही नीट माहीत होतं.

आमचे विभागप्रमुख उंच, गोरे, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात रेशमी रुमाल बांधणारे. एकदा महिनाभर इंग्लंडला जाऊन आले होते आणि तिथून अजून पुरते परतले नव्हते. प्रबोधनकाळातलं दैनंदिन जीवन हा त्यांचा खास पेपर. तो शिकवताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मोठ्या घरातल्या लांबलचक टेबलावर चांदीचं एक भलंमोठं मिठाचं भांडं ठेवत, मान्यवर त्याच्या वरच्या बाजूला बसत आणि बाकीचे खालच्या, हे सांगून झालं की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सबको अपनी जगह पता थी." जणू काही त्यांच्याच घरातलं काहीतरी हरवलं होतं.

मला तो पेपर मनापासून आवडायचा. त्याचं कारण सरांच्या कारणाच्या अगदी उलट होतं. ती माणसं निर्लज्जपणे सगळं लिहून ठेवणारी होती. मखमल कोणत्या दर्जाच्या बाईनं वापरावी, जांभळं रेशीम कुणाला वर्ज्य, रविवारी साध्या माणसानं लोकरीचीच टोपी घालावी, याचे सरळ कायदे. परवाना नसताना भीक मागणाऱ्याला चाबकानं फोडून त्याच्या गावी हाकलायचे, तोही कायदा. काही वर्षं तर अशा माणसाच्या कानाची पाळी तापल्या लोखंडानं भोसकत. आपल्याकडे जे डोळ्यांच्या कोपऱ्यातून आणि वेगळ्या कपातून चालतं ते त्यांनी छापून चौकात वाचून दाखवलं होतं. वाचताना मला संताप यायचा आणि बरंही वाटायचं. वर्गात मात्र सर कानाची पाळी गाळायचे आणि मिठाच्या भांड्याकडे परत यायचे.

पहिल्या वर्षी ओळखपरेडीत सरांनी मला विचारलं होतं, "महाराष्ट्रियन? ब्राह्मण?" मी म्हणाले, "नाही सर, बौद्ध." सर खूश झाले. "अरे वाह, बुद्ध तो हम सबके हैं." त्यांना वाटलं मला ध्यानाबिनाची आवड आहे. आमच्या गावाकडे हा शब्द उच्चारला की समोरच्याला पुढचं मागचं सगळं कळतं. जयपूरला तो शब्द बिनवासाचा होता. मी घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "बरं हाय की मंग. आपण खरं सांगतलं. समजणं न समजणं त्याच्यावर."

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात सरांनी जाहीर केलं की विभागातर्फे एक इंग्रजी मेजवानी होईल, थेट त्या काळातली. जयपूरबाहेर, चौमू गावाच्या अलीकडे कॉलेजच्या एका विश्वस्तांचं फार्महाऊस होतं, त्याच्या हिरवळीवर. पालकांना आमंत्रण. प्रत्येकाला एक भूमिका आणि भूमिकेला इंटर्नलचे मार्क. सर शुद्ध शाकाहारी आणि विश्वस्त त्याहून शुद्ध, त्यामुळे ज्या लोकांनी हरणं, हंस आणि मोर भाजून खाल्ले त्यांची मेजवानी पनीर, सोयाबीनच्या वड्या आणि जलजिऱ्यावर ठरली. पनीरचा हंस करायला एका हलवायाला सांगितलं. काटे ठेवायचे नाहीत, कारण त्या काळी इंग्रज काट्यांनी खात नसत, हातानं खायचं. सुरी सगळ्यांनी आपापली आणायची. हे ऐकून गाडीतून येणाऱ्या मुली किंचाळल्या. मी मनात म्हटलं, आमचं काय अडणार आहे, आम्ही रोजच प्रबोधनकाळात जेवतो.

मला भूमिका मिळाली घरच्या मालकिणीची. पाहुण्यांचं स्वागत करायचं, मिठाच्या भांड्यामागे बसायचं, छोटंसं भाषण करायचं. भाषण मीच लिहिलं. आईनं झोटवाड्याच्या बाजारातून तपकिरीकडे झुकणाऱ्या लाल मखमलीचं कापड आणलं आणि शेजारणीच्या मशीनवर गाउन शिवायला घेतला. तिनं कधी गाउन शिवला नव्हता. मी पुस्तकातलं चित्र दाखवायचे, ती चित्राकडे नाक उडवून बघायची. "एवढं कापड जमिनीवर घासत नेत होत्या का वो या बाया? झाडू मारायचं काम वाचत असंल." बाही तिनं तीनदा उसवली. बाबा शिफ्टवरून आले की पहिल्यांदा विचारत, झाला का तुमच्या राणीचा पोशाख.

आमच्या वर्गात अजून एक मराठी मुलगी होती. वडील सैन्यात मोठे अधिकारी, वाढलेली छावण्या-छावण्यांतून. तिची मराठी अडखळायची पण ती माझ्याशी हट्टानं बोलायची. "तुमच्या घरी गणपती बसते का? मतलब, दीड दिवसाचा की पाच?" मी म्हणाले, आमच्याकडे गणपती नसतो. तिला काही वाटलं नाही. वाटलं तिच्या आईला. ती बाई पोशाखांसाठी मदत करायला विभागात येऊ लागली होती आणि मराठी माणूस भेटलं म्हणून मला जवळ बसवून घ्यायची. मुलीनं सहज सांगितलं, हिच्याकडे गणपती नसतो. बाईंनी विचारलं, "का गं?" मी सांगितलं, बौद्ध आहोत. "अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या आणि लेसबद्दल बोलू लागल्या. गालावर तेच हसू होतं, पण खुर्ची जरा मागे सरली. हे मी आधी पाहिलेलं होतं. नवीन काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई सरांच्या खोलीत चहा घेत बराच वेळ बसल्या. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी भूमिका बदलल्या. घरची मालकीण ती छावणीतली मुलगी. आणि मी फाटकावरची गरीब बाई.

ही भूमिका आधी नव्हतीच, ती त्या दिवशी जन्माला आली. सरांनी समजावून सांगितलं: जुन्या इंग्रज घरांत जेवण जाड पावाच्या तुकड्यावर वाढत. पाव म्हणजेच ताट. जेवण झालं की रस्सा शोषलेले ते पाव आणि टेबलावरचं उरलंसुरलं एका मोठ्या थाळ्यात गोळा करत आणि फाटकाशी ताटकळलेल्या गरिबांना वाटत. म्हणजे शेवटी सगळे पाहुणे हिरवळीवरून फाटकापर्यंत चालत येणार, पुढे सर स्वतः थाळा घेऊन, आणि बाहेर मी. मी पदर पसरायचा, उष्टे पाव घ्यायचे, मालकिणीला आशीर्वाद द्यायचा. "पूरी शाम का दिल है यह सीन," सर म्हणाले. "तुम्हारे चेहरे में वो दर्द है."

मी म्हटलं, सर, पावाचं ताट ही त्याआधीची चाल. आपण ज्या काळाची मेजवानी करतोय तेव्हा मोठ्या घरांत लाकडाची आणि कथलाची ताटं आलेली होती. सर म्हणाले, कलेत इतकं चालतं. मी म्हटलं, मग दुसरं कुणी करेल का, मी भाषण पाठ केलंय. सर म्हणाले, भाषण तिला दे. आणि गाउनही तिलाच दे, अंगानं तुम्ही दोघी सारख्याच आहात. तुला काय, एखादं जुनं काहीतरी चालेल. सांगताना त्यांचा आवाज मिठाच्या भांड्याबद्दल बोलताना व्हायचा तसा मऊ होता. त्या मऊपणाचा मला आजही तिटकारा आहे. ओरडले असते तर मी ओरडले असते.

घरी आल्यावर सांगितलं. आई मखमलीला शेवटची पट्टी लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी मला तो प्रसंग पुन्हा सांगायला लावला, थाळा कुणाच्या हातात, पाव कुणी खाल्लेला, मी कुठे उभी.

"म्हंजे उष्टं," ते म्हणाले.

"नाटक आहे बाबा. खायचं नाहीये. नुसतं घ्यायचं."

"तुह्या आज्यानं बी नुसतं घेतलंच होतं. गावात लग्न झालं का टोपली घेऊन मांडवाच्या मागं उभं रायाचं. पत्रावळी उचलायच्या आन् त्यातलं वेगळं काढून घरी आणायचं. मंग एक दिवस सगळ्यांनी ठरवलं, धर्म बदलला, आतापासून उष्टं हातात घ्याचं नाई. त्या साली पाऊस नव्हता. घरात दाणा नव्हता. पण घेतलं नाई. मी तवा लहान होतो, मले भुकेचं आठवते. बापानं काय सांगतलं ते बी आठवते."

काय सांगितलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, तेव्हाही नाही. नंतर बराच वेळ मार्कांवर बोलणं झालं. इंटर्नल सरांच्या हातात, सर नाराज झाले तर पहिला वर्ग हातचा जाणार, आणि पहिला वर्ग नसला तर पुढे शिकवायला कुठे दारात उभं करणार नाहीत. बाबांना ते सगळं कळत होतं. "तू ठरव," ते शेवटी म्हणाले. "मी सांगन तर तू माह्यासाठी करशीन. तसं नको." आई एवढंच म्हणाली, "गाउन मी देनार नाई. तो मी हिच्या मापाचा शिवला."

मेजवानीच्या दिवशी मी थैलीत गाउन घेऊन गेले. सरांना सांगितलं, टेलरकडून आला नाही. छावणीतल्या मुलीच्या आईनं तिच्यासाठी कुठून तरी सॅटिनचा झगा भाड्यानं आणला होता. त्यात ती चांगली दिसत होती. तिनं माझं भाषण म्हटलं, मध्ये एक ओळ विसरली, आणि माझ्याकडे बघून माफीचं हसली. मुलगी वाईट नव्हती. तिच्यावर माझा राग नाही, पण प्रेमही नाही.

मी पाहुण्यांच्या नजरेआड कोठीत बसून होते. खिडकीतून टेबल दिसत होतं. मिठाच्या भांड्याच्या वर विश्वस्त, सर, छावणीतल्या बाई, दोन-तीन पैसेवाले पालक. खाली बाकीचे. अगदी खालच्या टोकाला, जिथे टेबल संपून प्लास्टिकच्या खुर्च्या सुरू होत होत्या, तिथे आई-बाबा. बाबा शिफ्ट करून तसेच आले होते, दाढी मात्र करून. त्यांच्यापुढेही शिळा जाड पाव ठेवला होता आणि त्यावर सोयाबीनचा रस्सा. दोघांनी हात लावला नव्हता. पलीकडे पाण्याच्या मोटरीपाशी फार्महाऊसच्या माळ्याची बायको, घुंघट अर्धा वर करून, हे काय चाललंय म्हणून टक लावून बघत बसली होती. पनीरच्या हंसाची मान वाकडी झाली होती आणि लोक मोबाईलवर तिचे फोटो काढत होते.

थाळा फिरायला लागला तशी मी गाउन घातला, मागच्या वाटेनं फाटकाबाहेर गेले आणि उभी राहिले. ऊन कलंडत होतं. माणसं हसत-बोलत हिरवळीवरून येताना दिसली. पुढे सर, दोन्ही हातांत थाळा. थाळ्यात रश्शानं भिजून लगदा झालेले पाव, चावून टाकलेले सोयाबीन, कुणाच्या तरी ओठांची लाली लागलेला एक तुकडा. सरांना फाटकात पोचेपर्यंत मी नीट दिसले नाही. मग दिसले.

"यह क्या पहना है?" ते ओठ न हलवता म्हणाले.

पाहुण्यांना वाटलं हेच नाटक आहे. कुणीतरी म्हणालं, कितनी सुंदर ड्रेस है. विश्वस्तांनी मान डोलावली.

"हाथ आगे करो."

मी हात मागे घेतले. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं.

"पल्लू नहीं है तो हाथ में ले लो," सर हसत म्हणाले, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बेटा, इतना क्या सोचना. रोल है."

"नहीं लूँगी, सर."

मागे बाबा उभे राहिलेले दिसले. ते पुढे आले नाहीत. आईनं त्यांची बाही धरली होती की त्यांनी तिची, ते मला तिथून कळलं नाही. सर थाळा धरून उभे होते, मी हात बांधून. थाळा जड असावा, त्यांचे हात खाली येऊ लागले होते. मला ते बघून आनंद झाला. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला पहिला वर्ग मिळूनही झाला नसता.

पण सरांना प्रसंग आटपायचा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माळ्याच्या बायकोवर गेली. "इधर आओ," ते म्हणाले. ती उठली, घुंघट ओढून जवळ आली. "लो, यह तुम ले जाओ. बच्चों को देना." पाहुण्यांतून कौतुकाचा एक आवाज निघाला, नाटकाला खरा गरीब मिळाला होता.

तिनं थाळ्यात वाकून पाहिलं. एक पाऊल मागे गेली.

"झूठो तो म्हे कोनी ल्यां, साब," ती म्हणाली. उष्टं आम्ही घेत नाही. आणि मग, उष्टं कुणाला द्यायचं असतं ते तिनं सरांना सांगितलं. एका जातीचं नाव घेऊन, त्यांना बोलवा म्हणाली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ती रागानं बोलली नाही. माहिती देत होती.

सरांचा चेहरा उतरला. "अरे हाँ हाँ," ते म्हणाले, "माफ करना बहन. मुझे ध्यान नहीं रहा. बुरा मत मानना." विश्वस्तसुद्धा पुढे होऊन म्हणाले, इसके लिए अलग से थाली लगवाओ, साफ वाली. तिला घाईघाईनं हिरवळीवर नेलं. थाळा एका वाढप्याकडे गेला आणि तो कुठे ओतला ते मी पाहिलं नाही. टाळ्या वाजल्या. कशाला वाजल्या देव जाणे.

आम्ही तिघं सीकर रस्त्यावर बसची वाट बघत उभे होतो. मी गाउनावरच शाल घेतली होती. येणारी-जाणारी जीपमधली माणसं वळून बघत होती. आई वाकून गाउनाच्या काठाला लागलेले काटे काढत होती.

"त्यानं तिची माफी मांगली," बाबा म्हणाले.

"हो."

"लगेच मांगली."

दोन-चार दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं होतं ते चिडतील. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी खुर्ची दिली. चहाचं विचारलं. आवाज तोच, मऊ. म्हणाले, मुझे बहुत दुख हुआ, तुम इतनी अच्छी स्टूडेंट हो. इंटर्नलचे मार्क त्यांनी आधीच भरले होते. जितके कमी देता येतात तितके दिले होते, आणि हेही त्यांनी दुःखानंच सांगितलं. पुढे झुकून ते म्हणाले, "उस औरत का तो मैं समझ सकता हूँ. उनके यहाँ जूठा नहीं चलता. लेकिन तुम्हें क्या दिक्कत थी?"

ते मला टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबले होते.

"हमारे यहाँ भी नहीं चलता, सर," मी म्हणाले.

सर हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.